खुर्च्यांची खोली

मार्चमध्ये ॲबर्डीनच्या आमच्या मजल्यावरून
चार खाटा हलवल्या
आणि तिथे सात खुर्च्या मांडल्या.
हमाल डॉड म्हणाला, "न्हाव्याचं दुकान काढताय?"
मीही हसले. माझा तरी कुठे विश्वास होता.

सत्तावीस वर्षं मी सर्जरीची नर्स.
रात्री दोनला पोट धरून कुणी आलं
की आमचं उत्तर ठरलेलं: ॲडमिट करा.
दोन शब्द, एक सही, जबाबदारी सकाळवर.
सकाळी मोठे सर्जन ऑपरेशनमध्ये,
दुपारी स्कॅनला रांग,
मग शुक्रवार,
आणि शुक्रवारी चारनंतर
या इमारतीत काहीच ठरत नाही.

आर्ची मेअर असाच आला होता.
स्टोनहेवनचा, ब्याऐंशीचा, हयात जाळी विणण्यात गेलेली,
जिना चढून आला, लिफ्टचा त्याला राग.
कळ पहाटेच थांबली.
तसं त्याने सांगितलंही, दोनदा.
पण तोवर तो खाटेवर होता,
आणि खाटेवरच्या माणसाचं कुणी ऐकत नाही,
पायथ्याचा तक्ता वाचतात.
तक्त्यावर होतं: निरीक्षणासाठी.

अकरा दिवस निरीक्षण केलं आम्ही.
आधी त्याची भूक गेली,
मग दिवस-रात्रीचा हिशेब,
मग मांड्यांतलं बळ.
नवव्या दिवशी संडासाच्या वाटेवर पडला.
चूक कुणाचीच नव्हती, कागद सगळे बरोबर.
दुखणाईत माणूस खाट धरतो म्हणतात.
मी उलटं पाहिलं:
खाटेने माणूस धरला.

काल रात्री विल्मा कौवी आली,
टोरीची, मासळीच्या कारखान्यातली,
उजव्या बरगडीखाली हात दाबून.
सोबत भरलेली पिशवी:
नाइटगाऊन, सपाता, फोनचा चार्जर.
नवरा खाली व्हॅनमध्ये, इंजिन चालू ठेवून.

डॉक्टर फर्कर तरुण आहे.
गेल्या वर्षी त्याने एकाला घरी पाठवलं
आणि त्याचं ॲपेंडिक्स फुटलं.
तेव्हापासून तो ताकही फुंकून पितो.
तिच्या पोटावर त्याचा हात
गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला.
पेन ॲडमिटच्या चौकोनाकडे वळलं,
मी फक्त म्हटलं, "इनिस मॅडमना उठवू या."

त्या आल्या, पायजम्यावर कोट चढवून.
ताप नाही. डोळे पांढरे. रक्त ठीक.
कळ इंजेक्शनने उतरलेली.
"पित्ताशयात खडा असणार. स्कॅन सकाळी साडेआठला,
इथेच, या खुर्चीवर. उपाशीपोटी या."

"म्हणजे हाकलताय मला," विल्मा म्हणाली.
आणि खरं सांगते,
त्या क्षणी आम्ही तसेच दिसत होतो.

मी कार्डावर जाड अक्षरात नंबर लिहिला.
मोठ्या बोर्डाचा नव्हे, माझ्या खिशातल्या फोनचा.
खाली लिहिलं: थंडी वाजली, डोळे पिवळे झाले,
कळ परत येऊन थांबेना,
तर विचारत बसू नका, या.
तिने ते तीनदा वाचलं.
मग सपाता पिशवीत परत कोंबल्या.

त्यानंतर फर्कर फोनकडेच बघत बसला.
चार वाजून दहा मिनिटांनी तो वाजला.
दोघेही उठून उभे.

"विल्मा बोलतेय. झोप लागत नाही.
चहा चालेल का?"
"बिनदुधाचा," मी म्हटलं, "तोही पाचच्या आत."
मागे तिच्या स्वयंपाकघरात केटलीची शिटी,
आणि नवऱ्याचं घोरणं.

सगळ्यांचं असं होत नाही.
मागच्या महिन्यात एक जण मध्यरात्री परतला,
थरथरत, हळदीसारखा पिवळा.
त्याला खाट लागली, आणि ती रिकामी होती.
ती कुणामुळे रिकामी होती
ते कुठल्याच तक्त्यावर नाही.

आज आठ पंचवीसला विल्मा तिसऱ्या खुर्चीवर,
केस विंचरलेले, पिशवी नाही.

आर्ची स्टोनहेवनच्याच वृद्धाश्रमात आहे.
मी जाते कधी रविवारी.
तो मला ओळखत नाही,
पण बोटं चादरीच्या काठावर गाठी मारत असतात,
एकसारख्या, घट्ट.

डॉड आता खुर्च्यांना नावं ठेवत नाही.
पाळी संपली की खिडकीजवळच्या खुर्चीत टेकतो,
कप रिकामा होईपर्यंत,
मग गुडघ्यांवर हात ठेवून
उठतो.